नाक धुराबाहेर ठेवा : वेल्डिंगच्या अतिसूक्ष्म कणांपासून बचाव कसा करायचा

वेल्डर जॉबवर, म्हणजे जोडायच्या वस्तूवर वाकतो, काच तोंडावर घेतो, रॉड टेकवतो आणि निळसर-करडा धूर सरळ वर चढतो. वाटेत पहिलं काय येतं? त्याचा चेहरा. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली, कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलात तरी हेच दिसेल. काच डोळ्यांना वाचवते. धूर मात्र हनुवटीखालून आत शिरतो आणि काचेच्या मागेच कोंडतो. या लेखात पुढे जे काही आहे, ते सगळं धूर आणि नाक यांची गाठ कशी तोडायची याबद्दल आहे. मास्क त्यात बऱ्याच उशिरा येतो, आणि तसं मुद्दामच केलं आहे.

नॅनोकण म्हटलं की लोकांना प्रयोगशाळा आठवते. खरं तर साध्या स्वस्त रॉडमधूनही ते भरपूर निघतात. आर्कच्या, म्हणजे रॉड आणि पत्रा यांमधल्या विजेच्या झोताच्या, हजारो अंश तापमानात धातूची वाफ होते, ती बाहेरच्या गार हवेत आली की लगेच गोठते आणि काही दहा-वीस नॅनोमीटरचे कण तयार होतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान असलेल्या कणांना नॅनोकण म्हणतात. धुरात हे कण एकमेकांना चिकटून साखळ्या करतात, पण त्या साखळ्याही बहुतेक एक मायक्रॉनच्या (हजार नॅनोमीटर) आतच असतात. कार्बन नॅनोट्यूब बनवणारे कारखाने आपल्याकडे मोजके. वेल्डिंग मात्र गल्लोगल्ली चालतं. म्हणून नॅनोकणांच्या धोक्याबद्दल कामगारांशी बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत आहे.

वजनावर का जाऊ नये

दहा मायक्रॉनचा एक कण घ्या आणि त्याचे शंभर नॅनोमीटरचे तुकडे करा. दहा लाख तुकडे होतील. वजन तेवढंच राहील, पण एकूण पृष्ठभाग शंभर पट होईल. फुप्फुसाशी प्रतिक्रिया होते ती पृष्ठभागाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या: सूक्ष्म पुडीसाठी घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म पुडीसाठी फक्त ०.३. पदार्थ एकच, फरक आकाराचा.

दुसरी गोष्ट, हे कण खाली बसत नाहीत. अगदी स्थिर हवेत शंभर नॅनोमीटरचा कण तासाला जेमतेम काही मिलिमीटर खाली येतो, आणि शेडमधली हवा कधीच स्थिर नसते. म्हणजे पलीकडे रंगकाम करणारा, स्टोअरमध्ये बसलेला, चहा घेऊन येणारा पोरगा, सगळे तीच हवा घेतात.

शरीरात काय होतं

मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि श्वासनलिकेच्या चिकट स्रावात अडकते, खाकरली की बाहेर पडते. वीसेक नॅनोमीटरच्या कणांपैकी जवळजवळ निम्मे थेट वायुकोशांत जाऊन बसतात. तिथे स्रावाचा पट्टा नसतो, सफाईचं काम भक्षक पेशींवर पडतं. त्या थकल्या की दाह सुरू होतो. काही कण रक्तात उतरतात, त्यामुळे हृदयाची लय आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती यांवरही परिणाम होऊ शकतो. वासाच्या मज्जातंतूवाटे मँगनीज मेंदूपर्यंत जातं, हे उंदरांमध्ये दिसलेलं आहे.

परिणाम काही तासांत, काही महिन्यांत आणि काही वर्षांत दिसतात. तिन्हींची ओळख वेगवेगळी ठेवा.

जीआय पाइपवर (जस्ताचा मुलामा दिलेल्या) दिवसभर काम केलं, रात्री थंडी वाजून ताप आला, तोंडाला धातूची चव, अंग मोडून आलं. हा जस्ताच्या धुराचा ताप. धूर घेतल्यावर चार ते बारा तासांनी येतो, एक-दोन दिवसांत जातो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त त्रास देतो, कारण रोजच्या संपर्काने शरीराला आलेली तात्पुरती सवय सुट्टीत मोडते. कामगार त्याला मलेरिया किंवा ‘व्हायरल’ समजून गोळी घेतो आणि परत कामावर येतो. ताप उतरला म्हणजे हवा बरी झाली, असं नव्हे.

महिन्यांच्या हिशेबात येतो तो खोकला, दमा, छाती भरणं आणि न्यूमोनिया. वेल्डरना न्यूमोकोकल न्यूमोनियाचा धोका जास्त असतो. हे मान्य करून ब्रिटनमध्ये धातूच्या धुरात काम करणाऱ्यांसाठी त्या लशीची शिफारस केली जाते. आपल्याकडे ही गोष्ट मालकालाही माहीत नसते आणि बऱ्याचदा डॉक्टरलाही विचारावी लागते.

वर्षांच्या हिशेबात सगळ्यात वर येतो तो कर्करोग. फ्रान्समधल्या लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करणारा, निःसंशय. त्याआधी तो ‘शक्यता आहे’ या गटात होता. आर्कमधून निघणारे अतिनील किरणही याच पहिल्या गटात आहेत. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने कारखान्यांना बजावलं की साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील) धुरानेही फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवणं पुरेसं नाही. ‘आम्ही एसएस (स्टेनलेस स्टील) करत नाही, आमचं सगळं एमएस’ ही सबब तिथेच संपली.

मँगनीजचा परिणाम वेगळा. तो मेंदूवर होतो. १८३७ मध्ये स्कॉटलंडमधले डॉक्टर जॉन कूपर यांनी मँगनीजच्या खनिजाची भुकटी करणाऱ्या कामगारांमध्ये चालण्यातला दोष आणि स्नायूंची दुर्बलता नोंदवली होती. एमएसच्या रॉडमध्ये आणि सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगच्या) तारेत मँगनीज असतंच. सुरुवातीला चिडचिड, झोप उडणं, हात मंदावणं, अक्षर बारीक होत जाणं. पुढे चालताना तोल. पार्किन्सनसारखं दिसतं, पण पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाला फारशी दाद देत नाही. अमेरिकन सरकारची जुनी कायदेशीर कमाल मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम. तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने श्वसनयोग्य कणांसाठी २०१३ मध्ये सुचवलेली सरासरी ०.०२. दोन्ही मोजायच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी तज्ज्ञांची काळजी किती वाढली आहे, ते यावरून कळतं.

निकेलची एक घटना सांगतो, कारण नॅनोकणांच्या धोक्याचा इतका थेट पुरावा विरळा. १९९४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात तिची नोंद झाली. ३८ वर्षांचा, तोवर धडधाकट असलेला कामगार टर्बाइनच्या बेअरिंगच्या बुशांवर आर्कने निकेलचा फवारा मारत होता. तेराव्या दिवशी तो गेला. फुप्फुसं निकामी झाली होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशींमध्ये २५ नॅनोमीटरपेक्षा लहान निकेलचे कण सापडले. मूत्रपिंडालाही इजा झाली होती. शाफ्ट, बुश, रोल यांवर मेटल स्प्रे करून माप भरून काढायचं काम आपल्याकडेही होतं. ज्यांच्याकडे ते चालतं त्यांनी हा परिच्छेद शेडमध्ये वाचून दाखवावा.

पायरी १ : शेडमध्ये नेमकं काय जळतं, ते लिहून काढा

धुराचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग रॉडमधून किंवा तारेतून येतो, जॉबच्या पत्र्यातून नव्हे. म्हणून पहिली यादी रॉडची, पाकिटावरच्या क्रमांकानुसार: ६०१३, ७०१८, एसएससाठी ३०८, हार्डफेसिंगचे (पृष्ठभागावर कठीण थर चढवायचे) रॉड, सीओटूची तार, फ्लक्स (वेल्डला हवेपासून वाचवणारी भुकटी) भरलेली तार. प्रत्येक पाकिटाच्या लेबलचा फोटो काढा आणि पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागा. ते द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर रॉड दुसरीकडून घ्या.

दुसरी यादी, पत्र्यावर काय चढवलेलं आहे त्याची. जस्त, रंग, प्राइमर, प्लेटिंग. भंगारातून आलेल्या जुन्या बीमवर शेंदरी रंगाचा शिशाचा प्राइमर असू शकतो. आजचा तांबूस रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा ऑक्साइड, तो वेगळा. पण जुन्या लोखंडावर नुसत्या डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही, तेव्हा शिसं आहे असं धरूनच चाला. प्लेटिंग केलेल्या जुन्या बोल्टांचंही तेच. पिवळसर झाक जस्ताची की कॅडमियमची, हे बघून ओळखता येत नाही. चांदीच्या ब्रेझिंग (झाळकामाच्या) रॉडमध्ये पूर्वी कॅडमियम सर्रास असायचं आणि काहींत अजूनही असतं. एसी-फ्रिजची कामं करणाऱ्यांनी ‘कॅडमियम-मुक्त’ लिहिलेलेच रॉड घ्यावेत.

तिसरी यादी छोटी आहे, पण तीच माणूस मारू शकते. तेल-ग्रीस काढायला वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन किंवा त्याच्या जातीचं क्लोरीनयुक्त द्रावक. त्याची वाफ आर्कच्या अतिनील प्रकाशात आली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. धुतलेला जॉब ओला असताना कधीही वेल्डिंगला घेऊ नका, आणि धुण्याची टाकी वेल्डिंगच्या शेजारी ठेवू नका.

पायरी २ : धूर जातो कुठे, ते डोळ्यांनी बघा

मोजणीयंत्र आणण्याआधी फुकटात होणारी ही तपासणी करा. शेडमधले मोठे दिवे घालवा. एक जोरदार टॉर्च धुराच्या पलीकडे, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर ठेवून प्रकाश तुमच्याच बाजूला येऊ द्या. आर्ककडे न पाहता, काच लावून, कडेला उभे राहा. एरवी ‘एवढा काही धूर नाही’ वाटणारी हवा त्या प्रकाशाच्या पट्ट्यात दाट दिसायला लागते. वेल्डरच्या हनुवटीखालून एक लोट काचेमागे शिरतो, कपाळाच्या वरून बाहेर येतो. हेल्परकडे नीट पाहा: तो पट्टी धरायला जॉबच्या पलीकडे उभा असतो, आणि बऱ्याच वेळा वेल्डरपेक्षा जास्त धूर त्याच्याच वाट्याला येतो. त्याच्याकडे काचही नसते.

मोजायचंच असेल तर खरी पद्धत अशी: कामगाराच्या कमरेला छोटा पंप, नळी हेल्मेटच्या आत नाकाजवळ, पूर्ण शिफ्टचा नमुना, आणि मग प्रयोगशाळेत मँगनीज, क्रोमियम, निकेल यांचं विश्लेषण. नळी हेल्मेटबाहेर कॉलरला लावली तर आकडा वेगळा येतो. म्हणून अहवाल हातात पडला की नमुना कुठून घेतला हे आधी विचारा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त पीएम २.५ चे मीटर साधारण तीनशे नॅनोमीटरखालचे सुटे कण जवळजवळ पाहूच शकत नाहीत. त्यांनी ‘हवा सुरक्षित आहे’ असा निष्कर्ष काढू नका. एक्झॉस्ट चालू असताना आणि बंद असताना फरक किती पडतो, एवढं बघायला मात्र ते चालतात.

पायरी ३ : धूरच कमी काढा

करंट विनाकारण वाढवला की धूर वाढतो. लांब आर्क ओढला तरी वाढतो. नव्या पोराला टाका मारायला, म्हणजे वेल्ड करायला, शिकवतानाच ही सवय लावली तर खर्च शून्य. जिथे शक्य तिथे रॉडऐवजी सीओटू, आणि पातळ एसएसला आरगॉन म्हणजेच टिग. आरगॉनमध्ये दिसणारा धूर अगदी कमी, पण एसएस आणि अॅल्युमिनियमवर ओझोन तयार होतो. घसा खवखवणं, छातीत आवळल्यासारखं होणं ही त्याची खूण. एसएसला फ्लक्सवाला रॉड वापरला की फ्लक्समधल्या सोडियम-पोटॅशियममुळे क्रोमियम त्याच्या सहा संयुजेच्या, कर्करोग करणाऱ्या रूपात जास्त टिकतं. टिगमध्ये ते प्रमाण बरंच कमी असतं. अमेरिकेत या क्रोमियमची कायदेशीर मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, मिलिग्रॅम नव्हे.

जीआयचं काम असेल तर क्रम बदला. आधी काळ्या पाइपवर वेल्डिंग, मग तयार फ्रेम गॅल्वनायझिंगला. ऑर्डरच तशी असेल आणि इलाज नसेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त दोन-तीन इंच काढा. काढताना ग्राइंडर मारणार असाल तर तेव्हाही मास्क लावायचाच आहे, हे विसरू नका. ग्राइंडरच्या मोटरचे ब्रशसुद्धा तांब्याचे अतिसूक्ष्म कण सोडतात.

टिगचा लाल टोकाचा टंगस्टन म्हणजे दोन टक्के थोरियम, सौम्य किरणोत्सारी. वापरताना भीती कमी, पण टोक काढताना उडणारी धूळ श्वासात जाते. सोनेरी किंवा निळ्या टोकाचे लँथेनमचे, करड्या टोकाचे सीरियमचे टंगस्टन मिळतात. बदलून टाका, वाद घालायला जागा नाही.

पायरी ४ : धूर जिथे जन्मतो तिथेच खेचा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

भिंतीत मोठा एक्झॉस्ट बसवला की काम झालं, असा समज आहे. तो पंखा शेडभर पसरलेला धूर हळूहळू बाहेर टाकतो. पण भिंतीपर्यंत पोचायच्या आधी तो धूर वेल्डरच्या नाकावरून गेलेला असतो. उलट पंखा त्याच्या पाठीमागे वरच्या बाजूला असेल तर धूर त्याच्या अंगावरूनच ओढला जातो. शेडमधल्या इतरांसाठी हा एक्झॉस्ट हवाच, वेल्डरसाठी तो पुरेसा नाही.

वेल्डरला लागतो तो हुड, म्हणजे धूर ओढून घेणारं तोंड. लवचीक हात असलेला, सहा ते आठ इंची पाइपचा, हाताने हवा तिकडे ओढता येणारा. नियम एकच पाठ करा: पाइपचा जेवढा व्यास, तेवढ्याच अंतराच्या आत हुडचं तोंड आर्कजवळ असलं पाहिजे. सहा इंची पाइप तर सहा इंचांच्या आत. त्याच अंतरावर हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या साधारण दहाव्या भागावर येतो, दुप्पट अंतरावर तो नावालाच उरतो. फुंकलेली हवा लांब जाते, ओढलेली जात नाही. हे एकदा डोक्यात बसलं की दीड फुटावर टांगलेले शोभेचे हुड ओळखता येतात. आर्कपाशी सेकंदाला अर्धा मीटर वेग मिळाला की धूर वळतो. हुडच्या तोंडाभोवती दोन-तीन इंचांची पत्र्याची कड लावली तर त्याच मोटरमध्ये पकड सुधारते. हे काम तुमचाच फॅब्रिकेटर एका दुपारी करून देईल.

हुड डोक्यावर कधीच नको. डोक्यावरचा हुड धुराला चेहऱ्यावरून नेतो. तो आर्कच्या पलीकडे, थोडा वर, बाजूला हवा. छोटे जॉब टेबलावर होत असतील तर टेबलामागे फटींचा हुड लावा किंवा जाळीच्या टेबलातून खाली ओढा. वेल्डरला दर टाक्याला हुडचा हात हलवावा लागत नाही, म्हणून तो वापरला तरी जातो. मोठ्या जॉबवर हुडचा हात सरकवायचं काम हेल्परला नेमून द्या. ‘वेल्डरने सरकवावा’ असं ठरलं की तो सरकत नाही, हे कुठल्याही सुपरवायझरला विचारा.

तपासणी अगरबत्तीने. आर्क बंद ठेवा, थिनर-द्रावक आसपास नाही याची खात्री करा, पेटती अगरबत्ती टाका पडतो त्या जागी धरा. धूर सरळ हुडमध्ये जायला हवा. घुटमळला किंवा तुमच्याकडे आला तर हुड लांब आहे, फिल्टर तुंबलाय, किंवा कुणीतरी पंखा लावून ठेवलाय. दर सोमवारी शिफ्ट सुरू होताना ही चाचणी करा आणि वहीत सही घ्या.

ओढलेली हवा कुठे सोडता? छताच्या वर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून आणि स्वतःच्याच ताज्या हवेच्या झडपेपासून दूर. बाहेर गेली तेवढी हवा आत यायला वाट हवी. सगळी शटर बंद करून एक्झॉस्ट चालवला तर मोटर नुसती घोंगावते. हवा गाळून शेडमध्येच परत सोडणारं यंत्र घेणार असाल तर फिल्टरची क्षमता लेखी घ्या, आणि फिल्टर ओझोन किंवा कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही हे लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात उभा पंखा लागतोच. तो पाठीमागे ठेवू नका: पाठीवर आदळलेली हवा शरीराला वळसा घालून छातीसमोर भोवरा करते आणि धूर तोंडाकडे खेचते. कडेने, मंद गतीवर ठेवा. सीओटू-आरगॉनला सेकंदाला दोन मीटरच्या वर वारा लागला तर गॅसचं आवरण फाटतं आणि टाक्यात भोकं पडतात, म्हणून मंद गती तुमच्या जॉबच्याही फायद्याची.

जॉब स्टँडवर घ्या, तिरपा करा, फिरवता येत असेल तर फिरवा. जमिनीवर उकिडवा बसून वाकलेला वेल्डर धुराच्या बरोबर वर असतो. जॉब छातीच्या उंचीला आणून डोकं थोडं कडेला ठेवलं तरी नाकात जाणारा धूर खूप घटतो.

टाकी, सायलो, पाइपच्या आतलं काम ही वेगळीच गोष्ट. आत उतरण्याआधी ऑक्सिजन मोजा, १९.५ टक्क्यांखाली असेल तर कुणी उतरायचं नाही. आरगॉन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि त्याला वास नसतो. सिलिंडर बाहेरच ठेवायचे. बाहेर एक माणूस, फक्त लक्ष ठेवायला, आणि आतला माणूस कोसळला तर त्याने एकट्याने आत उडी मारायची नाही. हवा ‘ताजी’ करायला ऑक्सिजन सोडणं म्हणजे कपड्यांसकट पेट घेण्याची तयारी.

पायरी ५ : मग मास्क

लोक विचारतात, एवढे बारीक कण मास्कमधून जात नाहीत का? फिल्टरला सगळ्यात अवघड जातात ते मधल्या आकाराचे कण. फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि तंतूंना जाऊन चिकटतात. एन९५ म्हणजे किमान ९५ टक्के, एफएफपी२ म्हणजे ९४, एफएफपी३ म्हणजे ९९. भारतीय मानक आयएस ९४७३ चा शिक्का बघून घ्या.

कमकुवत जागा फिल्टर नसून कड आहे. शिफ्ट संपल्यावर मास्क काढून आरशात पाहा. नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांखाली काळ्या रेघा उमटल्या असतील तर तिथून हवा गळते आहे. मास्कची आतली कडही तिथे काळवंडलेली असते. नाकपट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवा, दोन्ही पट्टे डोक्यामागून घ्या, कानाला अडकवायचे मास्क नकोत. दाढी असेल तर घट्ट बसणारा मास्क नीट बसत नाही. दोन दिवसांचे खुंटही पुरे असतात. ज्यांना दाढी ठेवायचीच आहे त्यांना आणि दिवसभर एसएस करणाऱ्यांना बॅटरीवर हवा पुरवणारं हेल्मेट द्यावं. महाग आहे, पण उन्हाळ्यात वेल्डर ते स्वतःहून घालतो, कारण तोंडावर वारा येतो.

रुमाल, गमछा, निळा सर्जिकल मास्क यांचा या कामात उपयोग नाही. एफएफपी मास्क धुवायचा नाही. आणि कणांचा मास्क ओझोन, फॉस्जीन किंवा आरगॉनपासून वाचवत नाही.

पायरी ६ : साफसफाई, कपडे, जेवण

कॉम्प्रेसरची हवा मारून टेबल झाडणं आणि कपडे झटकणं आजपासून बंद. बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते. ओलं फडकं, किंवा उच्च क्षमतेच्या फिल्टरचा व्हॅक्यूम. कामाचे कपडे घरी धुवायला गेले तर धूळ घरच्यांच्या अंगावर जाते. शेडमध्येच वेगळी पेटी ठेवा. डबा शेडबाहेर उघडावा, आधी हात आणि तोंड साबणाने. तळहातावर तंबाखू मळणाऱ्याच्या तोंडात मँगनीज आणि शिसं कसं जातं, ते वेगळं सांगायला नको.

पायरी ७ : तब्येतीची वही

कामावर घेतानाच एक एक्स-रे आणि फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री. नंतर ती दरवर्षी, शक्यतो त्याच यंत्रावर. एकाच वेळचा आकडा ‘नॉर्मल’ असला तरी समाधान मानू नका. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा वयाच्या मानाने अपेक्षित घट सोडून १५ टक्क्यांनी घसरली तर आकडा नॉर्मलमध्ये असूनही पुढची तपासणी हवी.

एक्स-रेबाबत आपल्याकडची एक खास अडचण आहे. वर्षानुवर्षं वेल्डिंग केलेल्यांच्या फुप्फुसात लोहाचे कण साठतात आणि फिल्मवर बारीक ठिपके दिसतात. ही स्थिती ब्रिटनमध्ये १९३६ मध्येच वर्णिलेली आहे. धंदा न विचारता फिल्म वाचली तर टीबीचा संशय येतो. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: मी इतकी वर्षं वेल्डिंग करतो, अमुक रॉड, अमुक धातू. थुंकीची तपासणी टाळायची नाही, कारण वेल्डरला टीबीही होऊ शकतो. पण नुसत्या फिल्मवर औषधं सुरू होत असतील तर छातीच्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्या.

दूध आणि गूळ. कित्येक शेडमध्ये चार वाजता गुळाचा खडा मिळतो, आणि त्याच्या जोरावर एक्झॉस्ट पुढच्या वर्षावर ढकलला जातो. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रात १९९०च्या दशकात धुळीवर गुळाचा प्रयोग झाला होता, उंदरांवर. कण फुप्फुसातून हलायला मदत होते असा त्याचा सूर होता. माणसाचं फुप्फुस गुळाने धुतलं जातं याला आधार नाही. गूळ खा, दूध प्या; हवा खेचायचं काम त्यांच्यावर टाकू नका. बिडी-सिगरेट मात्र खरोखर सोडा, धूम्रपानाने कर्करोगाचा धोका आणखी वाढतो.

कायद्याचं थोडक्यात. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १४ मध्येच धूळ-धूर उगमापाशी ओढून घ्यायला सांगितलं होतं. आता त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. तक्रार राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) कायद्यात मँगनीजमुळे होणारे आजार व्यावसायिक रोगांच्या यादीत होते; त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. हक्क मागायचा तर कामाचा पुरावा लागतो. पगारपत्रकं, हजेरी, पायरी १ मधले लेबलांचे फोटो आणि दरवर्षीचे स्पायरोमेट्रीचे कागद कामगाराने स्वतःकडे, घरी ठेवावेत. शेड बंद पडली की तिथली फाइल मिळत नाही.

रात्री उशिरा त्रास झाला तर

जस्ताचा ताप आणि कॅडमियम, निकेल किंवा फॉस्जीनची विषबाधा यांची सुरुवात सारखीच दिसू शकते: घसा खवखवणं, खोकला, थंडी-ताप. फरक नंतर पडतो, जेव्हा काही तासांनी श्वास चढतो. त्या दिवशी ब्रेझिंग, प्लेटिंग केलेला माल, निकेलचा फवारा किंवा द्रावकाने धुतलेला जॉब यांपैकी काही झालं असेल, तर सकाळची वाट न पाहता ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. तिथे धातूचं नाव सांगा, रॉडच्या पाकिटाचा फोटो दाखवा, आणि लगेच बरं वाटलं तरी निदान चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवायला सांगा. त्याच जॉबवर असलेल्या बाकीच्यांनाही फोन करून श्वास कसा आहे ते विचारा, हेल्परला आधी.